मार्क वेगळे, मित्र वेगळे: जीएफ-सोशल आणि जीएफ-रोल या जोडस्केलची पारख

बडोद्यातल्या मराठी घरातून एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा समुपदेशकाकडे आणला जातो तो बहुतेक वेळा मार्कांमुळे. दोन विषयांत एटीकेटी लागलेली असते, सकाळी हाका मारून उठवावं लागतं, पुस्तक उघडं असतं पण पान उलटत नाही. आईच्या मते आळस, बाबांच्या मते मोबाईल, आजीच्या मते कुणाची तरी नजर. सहा महिन्यांपूर्वी या मुलाच्या गाडीवर मागे कायम कोणीतरी बसलेलं असायचं आणि आता कोणी नसतं, हे मात्र विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. घरच्यांना तो बदल एका अर्थी बराच वाटलेला असतो, ‘वाईट संगत सुटली’ म्हणून.

सायकोसिस, म्हणजे भास-संशय-विचारांची विस्कळ असलेला गंभीर मनोविकार, उघड होण्याआधी काही मुलांमध्ये महिनोन्‌महिने सौम्य खुणा दिसतात. अशा मुलांना धोक्याच्या अवस्थेतली मुलं म्हणतात. त्यांच्या बाबतीत लक्षणांइतकंच महत्त्वाचं असतं ते रोजचं कामकाज: कॉलेज, नोकरी, घरकाम, मित्र, बोलणं-चालणं. ते मोजायला बाजारात बरीच स्केल आहेत. इथे पारख आहे ती मुख्यतः एका जोडीची, जीएफ-सोशल आणि जीएफ-रोल. जीएफ म्हणजे ग्लोबल फंक्शनिंग, एकूण कामकाज; सोशल माणसांतलं वागणं मोजतं, रोल अभ्यास-नोकरी-घरकाम. निकाल आधीच सांगून टाकतो: या वयासाठी आणि या कामासाठी हिच्याइतकं चपखल दुसरं काही हाती लागलेलं नाही. पण ती अमेरिकेत बेतलेली आहे, आणि बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या वाड्यात जशीच्या तशी वापरली तर चार-पाच ठिकाणी ठरलेली फसवते.

आधी जुन्या स्केलबद्दल थोडं, कारण बऱ्याच केसपेपरांवर अजून तीच दिसतात. जीएएफ, म्हणजे एकूण कामकाजाला एकच आकडा देणारं स्केल, १९८७ पासून मनोविकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेच्या (डीएसएमच्या) पाचव्या अक्षावर, म्हणजे कामकाज नोंदवायच्या रकान्यात होतं; १९९४ पासून ते १ ते १०० चं. त्यात एकच आकडा द्यायचा, आणि लक्षणं व कामकाज यांपैकी जे जास्त बिघडलेलं असेल त्याचा. इथेच घोळ आहे. मुलाला संशय येतो म्हणून आकडा खाली गेला की तो कॉलेजला जात नाही म्हणून, हे आकड्यावरून कळत नाही. धोक्याच्या अवस्थेत तर लक्षणं धरूनच मुलगा निवडलेला असतो, मग त्याचा जीएएफ कमी येणारच. एकच गोष्ट दोनदा मोजल्यासारखं झालं. त्या पुस्तिकेच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीतून जीएएफ वगळलं गेलं, ते योग्यच झालं.

१९९२ सालचं सोफास हे सामाजिक आणि व्यावसायिक कामकाजाचं स्केल याच घराण्यातलं, पण लक्षणं बाजूला ठेवणारं. धोक्याची अवस्था ओळखण्यासाठी मेलबर्नच्या पेस क्लिनिकमधून आलेल्या कार्म्स मुलाखतीत ते वापरतात. तिथली अट सर्वांना तोंडपाठ असायला हवी: आधीच्या पातळीपेक्षा ३० टक्के घसरण, ती किमान महिनाभर टिकलेली आणि गेल्या १२ महिन्यांतली, किंवा मग सोफास ५० किंवा त्याखाली वर्षभर किंवा जास्त काळ. नवख्या लोकांची पहिली चूक हमखास इथेच होते. ३० टक्के म्हणजे ३० गुण नव्हेत. मुलगा आधी ८० वर असेल तर ५६ ला अट पूर्ण होते, ५० पर्यंत वाट पाहायची नसते. ७५ वर असेल तर उंबरठा ५२.५ येतो, म्हणजे ५२ दिले तर अट पूर्ण, ५३ दिले तर नाही. शंभराच्या स्केलवर ५२ आणि ५३ मधला फरक कोणत्या कसलेल्या माणसाला दिसतो? कोणालाच नाही. तरी त्या एका गुणावर मुलगा धोक्याच्या यादीत येतो किंवा राहून जातो. म्हणून सोफास देताना आकड्याशेजारी ‘आधीची पातळी’ कोणत्या महिन्याची धरली ते लिहिलंच पाहिजे. खरी चूक तिथे असते, आजच्या आकड्यात क्वचित.

सरकारी कामासाठी आयडियाज आहे, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने बनवलेलं. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व समज, काम असे चार भाग, प्रत्येकाला ० ते ४. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी ते चोख आहे आणि ४० टक्क्यांची रेघ ओलांडली की सवलती मिळतात. पण ते ठरलेलं निदान आणि बराच काळ चाललेला आजार गृहीत धरतं. निदानाच्या अलीकडे उभ्या असलेल्या मुलाला ते लावणं म्हणजे पावसाळ्याआधी छत गळतं का ते पाहायला पूर येईपर्यंत थांबणं. हे स्केल वाईट नाही, या कामाचं नाही एवढंच.

जागतिक आरोग्य संघटनेचं हूडास २.० मोफत मिळतं आणि प्रौढांसाठी कुठेही चालतं. ३६ प्रश्नांना साधारण २० मिनिटं, १२ प्रश्नांच्या छोट्या फॉर्मला ५ मिनिटं, आणि काळ गेल्या ३० दिवसांचा. गर्दीच्या ओपीडीत छोटा फॉर्म हातात देण्याचा मोह होतो. पण त्यातले प्रश्न नीट पाहा: अर्धा तास उभं राहणं, एक किलोमीटर चालणं, आंघोळ, कपडे घालणं. बारापैकी हे चार प्रश्न धडधाकट मुलासाठी जवळपास फुकट जातात. सगळीकडे ‘काही अडचण नाही’. एकूण बेरीज त्यामुळे सौम्य दिसते आणि खरी घसरण उरलेल्या तीन-चार प्रश्नांत दबून राहते. बेरीज न पाहता मैत्री टिकवणं, अनोळखी माणसांशी वागणं, रोजचं काम किंवा अभ्यास आणि दहा मिनिटं लक्ष लावणं हे चार प्रश्न वेगळे वाचले तर फॉर्म कामाचा ठरतो.

हूडासची दुसरी अडचण आपल्या घरांसाठी जास्त मोठी आहे. नियम असा की माणूस ते काम नेहमी जसं करतो तसं धरून अडचण सांगायची, कोणाची मदत मिळत असेल तर ती मदत धरून. आता आई साडेसातला पांघरूण ओढते, टूथब्रशवर पेस्ट लावून देते, बाबा स्कूटरवरून कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडतात. मुलगा प्रामाणिकपणे लिहितो, ‘कॉलेजला जाण्यात अडचण नाही.’ खोटं काहीच नाही त्यात.

आता जोडीकडे वळू. दोन्ही स्केल खास याच वयासाठी, याच अवस्थेसाठी बांधली: जीएफ-सोशल न्यूयॉर्कच्या झकर हिलसाइड रुग्णालयातल्या अँड्रिया ऑथर, बार्बरा कॉर्नब्लाट आणि सहकाऱ्यांनी, जीएफ-रोल लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या तारा नींडम आणि सहकाऱ्यांनी; २००७ साली ती एकत्र सविस्तर प्रसिद्ध झाली. उत्तर अमेरिकेतल्या नेपल्स या मोठ्या बहुकेंद्री अभ्यासात ती वापरली गेली. दोन्ही १ ते १० ची. १० म्हणजे उत्तम, १ म्हणजे पूर्ण कोलमडलेलं. लक्षणं कुठेच मोजायची नाहीत. बसमध्ये सगळे आपल्याकडेच बघतात असं वाटत असूनही मुलगा रोज कॉलेजला जातो आणि जर्नल वेळेवर देतो, तर रोलमध्ये त्याचा गुण कापायचा नाही. लक्षणांसाठी वेगळी मुलाखत असते, ती कापाकापी तिथे.

प्रत्येक स्केलवर तीन आकडे घ्यायचे: सध्याचा, म्हणजे गेल्या महिन्यातली सर्वांत खालची पातळी, गेल्या वर्षातली सर्वांत खालची, आणि गेल्या वर्षातली सर्वांत वरची. म्हणजे एका मुलाचे एकूण सहा आकडे. सराव झाला की दोन्ही मिळून अर्ध्या-पाऊण तासात होतात, त्यातला निम्मा वेळ मागचं वर्ष आठवून घेण्यात जातो. घसरण कळते ती या तीन आकड्यांतल्या अंतरावरून. जो मुलगा लहानपणापासून एकलकोंडा आहे, त्याचे तिन्ही आकडे ५ असू शकतात, आणि तो प्रश्न वेगळा असतो. स्वमग्नता, बोलण्यातली अडचण, नुसता स्वभावही. आठावरून पाचावर आलेला मुलगा निराळा.

मागचं वर्ष आठवून घ्यायला बडोद्याचं पंचांग फार उपयोगी पडतं. कागदावर बारा चौकटींची आडवी पट्टी काढायची. गणपती, नवरात्र, दिवाळी, उत्तरायण, मार्चमधल्या परीक्षा, मे महिन्याची सुट्टी असे खुंट आधी ठोकायचे आणि मग दोन खुंटांच्या मध्ये काय चाललं होतं ते विचारायचं. ‘सहा महिन्यांपूर्वी कसा होता?’ या प्रश्नाला घरचे ‘बराच होता’ एवढंच सांगतात. ‘उत्तरायणाला गच्चीवर होता का? पतंग उडवत होता की फिरकी धरून उभा होता की दुपारीच खाली जाऊन झोपला?’ याला नेमकं उत्तर मिळतं, आणि बहुधा तिघं जण एकदम बोलायला लागतात.

पण सण हा खुंट आहे, पुरावा नव्हे. ‘नवरात्रात नऊच्या नऊ दिवस गरबा खेळला हो’ असं सांगून घरचे सोशलचा आकडा वर न्यायला बघतात. बडोद्याच्या मोठ्या मैदानांवर हजारो माणसं एकात एक वर्तुळं करून फिरतात. पावलं पाठ असली तर कोणाशी एक शब्द न बोलता तीन तास छान निघतात. त्यामुळे खेळला की नाही हे गौण. पास कोणी काढला? बरोबर कोणाकोणाला घेऊन गेला, की मामेबहिणीने ओढून नेला? मध्यंतरात सगळे नाश्त्याच्या गाड्यांपाशी उभे असताना हा कुठे होता? परत येताना कोणाच्या गाडीवर? या चार उत्तरांत जीएफ-सोशलचा सहा की पाच हा प्रश्न सुटतो. उलट्या बाजूची चूकही होते: गरबा आवडत नाही म्हणून न जाणारी, पण तीन मैत्रिणींना रोज भेटणारी मुलगी घसरलेली नसते.

सोशल स्केलवर सर्वांत जास्त वाद ५, ६ आणि ७ वर होतात, तेव्हा त्या पायऱ्या नीट समजून घेतलेल्या बऱ्या. सातवर सौम्य पण टिकून राहिलेली अडचण असते. मित्र आहेत, भांडणं मिटवायला जड जातं. सहावर जवळचे मित्र थोडेच, तो आपणहून क्वचितच कोणाकडे जातो, पण बोलावलं तर येतो. पाचवर जवळचं असं कोणी नाही, वर्गातली ओळखदेख तेवढी. घरातही तो आपणहून विषय काढत नाही, विचारलं तर उत्तर देतो. चारवर घरच्यांनाही टाळायला लागतो, हाक मारली तरी कधीकधी उत्तर नाही. त्याखाली खोली आणि खोलीचं दार. म्हणजे सहा आणि पाचच्या मधली रेघ ‘बोलावलं तर येतो का’ एवढ्या एका प्रश्नावर उभी आहे, आणि पाच-चारमधली ‘घरात उत्तर देतो का’ यावर. हे दोन प्रश्न सरळ विचारले तर निम्मे वाद संपतात.

‘मित्र आहेत का?’ असं मात्र कधी विचारू नये. उत्तर ‘हो’ येतं, नेहमी. त्याऐवजी: शेवटचा फोन कोणी कोणाला केला, कधी? मागच्या रविवारी दुपारी चार वाजता कुठे होतास? ज्या मित्राचं नाव घेतोस, तो सध्या काय शिकतो? तिसऱ्या प्रश्नाला अडखळणारा मुलगा बहुधा दोन वर्षांपूर्वीच्या मैत्रीबद्दल बोलत असतो. बडोद्यात आणखी एक बारीक खूण आहे. मराठी घरातल्या मुलाची मैत्री बहुतेक गुजरातीतून चालते, घर मराठीतून. मुलाच्या बोलण्यातून ‘चाल ने यार’ गेलं आणि नुसती घरातली मराठी उरली, असं आई सहज बोलून गेली तर ते वाक्य केसपेपरवर लिहून ठेवावं. त्याला गुण नाहीत, पण दिशा आहे.

एकत्र कुटुंबातले चुलत-आते भाऊबहीण कुठे धरायचे? स्केलचा रोख घराबाहेरच्या, बरोबरीच्या वयाच्या माणसांवर आहे, कुटुंबाशी संपर्क वेगळा पाहायचा आहे. वरच्या मजल्यावरचा आतेभाऊ रोज जेवायला खाली येतो याला मैत्री म्हणता येत नाही. मुलगा स्वतः जिना चढून त्याच्याकडे जात असेल तर ओळखीचा संपर्क म्हणून धरावा. जवळचा मित्र म्हणून धरायला मात्र गुपितं सांगण्याइतकी जवळीक दिसली पाहिजे.

वरच्या पायऱ्यांच्या वर्णनात प्रेमसंबंधांचा उल्लेख आहे, वयाला साजेशा. आपल्याकडे बावीस वर्षांच्या मुलीला प्रियकर नाही म्हणून गुण कापला तर अर्ध्या कारेलीबागचे गुण कापावे लागतील. आमचं मत स्पष्ट आहे: हा निकष इथे गुण कमी करण्यासाठी वापरू नये. संबंध होते आणि काही कारण न देता तुटले असतील तर ती माहिती घसरणीत धरावी.

फोनवरच्या मैत्रीचाही घोळ आहे. स्केल बनलं तेव्हा रात्री दोनपर्यंत हेडफोन लावून चौघांनी गेम खेळण्याची चाल आपल्याकडे नव्हती. व्यवहारात असं करता येतं: समोरचा खराखुरा ओळखीचा आहे, बोलणं दोन्हीकडून आहे आणि खेळाबाहेरही काही बोलणं होतं, तर तो संपर्क धरावा, नुसतं टोपणनाव आणि खेळातले हुकूम असतील तर पाचवरची ओळखदेख. इन्स्टाग्राम नुसतं पाहणं कशातच धरू नये.

रोल स्केल जास्त हुशारीने बांधलेलं आहे, आणि आपल्या घरांसाठी हीच त्याची खरी किंमत. त्यात दोन गोष्टी एकत्र पाहतात: जबाबदारी किती जड आहे, आणि ती पेलायला आधार किती लागतो. आधाराशिवाय चांगलं चाललं तर आठ, कधी मागे पडलं तरी भरून काढतो. किरकोळ आधाराने, म्हणजे एखादी शिकवणी किंवा थोडी सवलत घेऊन, चांगलं चाललं तर सात. अर्धवट आधार लागतो आणि त्यात निभतं तर सहा. एकट्याने केलं तर बऱ्याच विषयांत नापास किंवा नोकरी जाण्याची पाळी, तर पाच. मोठा आधार देऊनच बरं चालत असेल तर चार.

तेव्हा रोलचा फॉर्म भरण्याआधी आधारांची यादी करायची. उठवतं कोण? किती हाकांत? डबा, कपडे, बॅग कोण भरतं? सोडायला कोण जातं, आत जाताना पाहून मग निघतं का? अभ्यासाला शेजारी कोण बसतं? शिकवण्या किती, त्यांतल्या गेल्या सहा महिन्यांत वाढलेल्या किती? फी, फॉर्म, परीक्षेची तारीख लक्षात कोण ठेवतं? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, यातलं काय मागच्या वर्षी नव्हतं? नेहमीचे लाड आणि नवा आधार यांत फरक करायलाच हवा, नाहीतर आपल्याकडची सगळीच मुलं सहावर जातील. पहिलीपासून आईच डबा भरते, तो आधार मोजायचा नाही. दिवाळीनंतर आई अभ्यासाला शेजारी बसायला लागली, तो मोजायचा.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा मुलगा महाराजा सयाजीराव विद्यापीठात बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी स्वतः बसने जायचा, सगळे विषय सुटले, चौघांचा कंपू. आता बाबा सोडतात, नव्या दोन शिकवण्या आहेत, आई शेजारी बसते, आणि तरी दोन विषयांत एटीकेटी. वर्षातली सर्वांत वरची रोल पातळी ८. सध्याची? ‘अर्धवट आधाराने निभतं’ म्हणून सहा द्यावा असं पहिल्यांदा वाटतं. पण आधार असूनही निभत नाहीये, दोन विषय गेलेत, तेव्हा ५. सोशलमध्ये वरची ८. आता कंपूतला कोणी फोन करत नाही, वर्गात बसतो तेवढंच, घरात विचारलं तर बोलतो, म्हणून ५. दोन्हीकडे तीन-तीन पायऱ्यांची घसरण. त्याच मुलाला नुसत्या मार्कांवर पाहिलं असतं तर ‘दोन एटीकेटी, पुढच्या सेमिस्टरला काढेल’ इथे गोष्ट संपली असती.

मार्कांबाबत एक सावधगिरी. स्केलच्या वर्णनात अमेरिकी ए-बी-सी-डी-एफ ग्रेड आहेत. त्यांचं आपल्या टक्क्यांत थेट रूपांतर करू नये. गुजरात बोर्डाचे ६५ टक्के आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरचे ६५ टक्के एकाच तराजूत बसत नाहीत. मुलाचीच आधीची पातळी, वर्गाचा सर्वसाधारण निकाल आणि किती विषय राहिले ही तीन मापं पुरतात. बारावीनंतर विद्याशाखा बदलल्यावर पहिल्या सेमिस्टरला आपटणारी मुलं पुष्कळ असतात. एवढ्यावरून रोलचा आकडा पाडू नये.

मुलींच्या बाबतीत चूक निराळ्या बाजूने होते आणि ती जास्त काळ लपते. बीए झालं, नोकरी नाही, घरीच आहे. ‘फार शांत आहे हो आमची, बाहेर फिरणं नाही, काही नाही.’ हे कौतुकाने सांगितलं जातं, आणि ऐकणाराही मान डोलावतो. रोल स्केलमध्ये घर चालवणं हेही काम म्हणून धरलं आहे, तेव्हा तेच बारकाईने विचारायचं. कुकर लावला तर शिट्ट्या मोजून गॅस बंद करते का, की तीनदा डाळ करपली? दूध ओतू गेलं तेव्हा समोर उभी होती का? पोळ्या सांगितल्यावर करते की वेळ झाली म्हणून उठते? पूर्वी दिवाळीची रांगोळी स्वतः काढणारी आता बसून बघते का? काम सांगितलं तर करते पण सुरू करत नाही, हा घसरणीचा नेहमीचा नमुना आहे. पुढाकार आधी जातो, कौशल्य नंतर. ‘शांत’ या शब्दाच्या पुढे कायम एक प्रश्न हवा: कधीपासून?

मुलाशी आधी एकट्याने बोलावं, मग त्याच्या संमतीने घरच्यांशी. अठराच्या आतल्यांसाठी पालकांची परवानगी लागते, पण मुलालाही विचारलेलं बरं. दोघांच्या सांगण्यात फरक निघाला तर सरासरी काढू नये. मुलगा म्हणतो आठ, आई म्हणते चार, म्हणून सहा, असं करणं हा शुद्ध आळस. तारखा आणि घटना विचारून कोणाचं बरोबर ते ठरवावं. बोलण्याआधी झोप, गांजा, थायरॉइड आणि नैराश्य यांची चौकशी झालेली असावी. स्केल घसरण दाखवतं, कारण दाखवत नाही.

घसरणीला इतकं महत्त्व का, तर नेपल्सच्या संशोधकांनी २०१६ मध्ये धोक्याचा अंदाज बांधणारं एक गणित मांडलं, त्यात सामाजिक कामकाजातली घट हा एक भक्कम घटक ठरला. विचित्र विचार व संशय, शाब्दिक स्मरणशक्ती, विचारांचा वेग आणि लहान वय यांच्याबरोबरीने. घरचे येतात मार्कांसाठी, अंदाज मात्र मित्रांवरून बांधला जातो. त्याच वेळी हेही घरच्यांना सांगायला हवं की धोक्याची अवस्था म्हणजे आजार नक्की असं नाही. २०१२ साली २७ अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा सायकोसिसकडे वळणाऱ्यांचं प्रमाण एका वर्षात सुमारे २२ टक्के, तीन वर्षांत ३६ टक्के निघालं. म्हणजे बहुतेक जण वळत नाहीत. पण न वळलेल्यांतही पुष्कळांचं कामकाज मागेच रेंगाळतं, आणि मदत त्यालाही लागते.

या जोडीत काय नाही तेही नोंदवू. ती निदान करत नाही. त्यासाठी कार्म्स किंवा सिप्ससारखी मुलाखत आणि ती शिकलेला माणूस लागतो. पीक्यू-१६ सारखी सोळा प्रश्नांची चाळणी शाळा-कॉलेजात चालते, पण चाळणीत अडकलेला प्रत्येक जण धोक्यात नसतो. आणि ही जोडी आत्महत्येच्या विचारांबद्दल एक अक्षर विचारत नाही. या मुलांमध्ये ते विचार कमी नसतात, तेव्हा तो प्रश्न दरवेळी वेगळा आणि सरळ विचारलाच पाहिजे. आपल्याकडे एसएसजी रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी आहे, कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे, आणि रात्रीबेरात्री टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लागतो. तीन पायऱ्यांची घसरण आणि त्याबरोबर संशय किंवा आवाज दिसले तर पुढच्या सेमिस्टरची वाट पाहू नये.

पाचपैकी गुण द्यायचे तर साडेचार. अर्धा कापला तो मराठी-गुजराती घरांसाठी पायऱ्यांची स्थानिक उदाहरणं सोबत नाहीत म्हणून. ती प्रत्येक संस्थेला स्वतः लिहून ठेवावी लागतात. दोन जणांनी एकाच मुलाखतीवरून वेगवेगळे आकडे द्यावे, मग जुळवून पाहावे. दहा-बारा मुलांनंतर फरक बराच कमी होतो, आणि ज्या पायऱ्यांवर तो उरतो तिथेच स्थानिक उदाहरण लिहायचं.

पुन्हा मोजणी तीन महिन्यांनी. एका पायरीचा फरक आला तर त्यावर फार विसंबू नये, तेवढी चूक मोजणाऱ्याचीही असते. दोन पायऱ्या सरकल्या तर लक्ष द्यावं. मोजणारा तोच असावा, माहिती देणारं घरचं माणूसही तेच. पहिल्यांदा आई आणि दुसऱ्यांदा काका आले तर आकड्यातला बदल मुलाचा की काकांचा हे कळत नाही. आणि दुसरी मोजणी नवरात्राच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीच्या आसपास पडत असेल तर पंधरा दिवस पुढे ढकलावी. फॉर्मच्या शेवटी हाताने एक जादा रकाना आखून घ्यावा: ‘गेल्या खेपेनंतर कोणता आधार वाढला, कोणता काढला.’ रोलचा आकडा पाचावरून सहावर गेलेला असतो आणि या रकान्यात ‘तिसरी शिकवणी लावली’ असं लिहिलेलं असतं, असं बरेचदा होतं.